मुलींच्या संडासाची किल्ली

१ जुलै, सोमवार

अश्विनी मॅडमने ही वही दिली. शाळेत नवीन आल्या आहेत, उत्साह उतू चालला आहे. म्हणाल्या, "आजी, रोज चार ओळी लिहा. बोलता तसं नको, पुस्तकात असतं तसं." मी तिसरी शिकलेली. पुस्तकात कसं असतं ते पाहून पन्नास वर्षं झाली. तरी लिहिते. पण लोकांचं बोलणं मी ज्याचं त्याचं तसंच लिहीन. दुसऱ्याचं तोंड धुऊन द्यायचं काम माझं नाही.

नाव कोकिळा. आवाज ऐकून लोक नाव ठेवणाऱ्याला हसतात. सहा वर्षांपासून शाळेत खिचडी शिजवते. आधी धम्मशीला शिजवायची, बौद्धपुऱ्यातली. लोकांची पोरं तिच्या हातचं जेवत नव्हती, म्हणून मला घेतलं. मला काम मिळालं, पोरांना खिचडी मिळाली. चार ओळी कधीच्या झाल्या.

३ जुलै, बुधवार

छकुलीचं पोट दुखतं. माझी नात, सातवीत आहे. उन्हाळाभर झाडावर चढली, काही दुखलं नाही. शाळा उघडली की पोट उघडतं. नखरे आहेत.

संजीवनीचंही असंच. माझी लेक. सातवीत रोज पोट धरून बसायची. शेवटी काढली शाळेतून. आता मलकापूरला नांदते, बरं चाललं आहे. शाळा आवडत नव्हती तिला. काही पोरींना नाही आवडत.

९ जुलै, मंगळवार

तपासणीची कमिटी येणार म्हणून शाळेची पळापळ. हेडमास्तर इंद्रभान सरांनी नर्सरीतून वांग्याची आणि मिरचीची रोपं आणून शाळेमागे खोचली. फोटो काढला, 'परसबाग' अशी पाटी लावली आणि हातपंपाचं पाणी घातलं.

मी म्हटलं, "सर, पंपाचं पानी खारं हाय. आपली काळी जमीन, खारं पानी पेली की सिमिट होते. रोपं मरतीन."

"आजी, तुम्ही खिचडी पाहा."

खिचडीच पाहते. पण माझा जन्म या खारपाणपट्ट्यात गेला. इथे पिण्याचं पाणी नळाने आठ दिवसांनी येतं, आणि जे रोज येतं ते पिण्याचं नसतं. ज्यांनी तेच पिऊन दिवस काढले त्यांच्या किडन्या गेल्या. छकुलीचा आजा त्यातच गेला. हे सरांना कोण सांगणार, ते अकोल्याहून येऊन-जाऊन करतात.

मुलींचं संडासही कमिटीला दाखवायचं आहे. तीन वर्षांपूर्वी बांधलं, गुलाबी फरशीचं. वर्षभरापासून त्याला कुलूप असतं, स्वच्छ राहावं म्हणून. ते एक सरांनी बरोबर केलं. उघडं ठेवलं तर गावातले पोट्टे वाट लावतील.

१२ जुलै, शुक्रवार

कमिटी आली. लांबूनच संडास पाहिलं, फोटो काढला, चहा प्यायली, गेली. रोपं माना टाकून बसली होती. एक साहेब म्हणाले, "नुकतीच लावलेली दिसतात." मला हसू आवरेना, चुलीत फुंकर मारत बसले.

तांदूळ धुतलेलं पाणी मी उद्यापासून वाफ्यात टाकणार. ते नळाचं गोड पाणी असतं. मेथी टाकून पाहते.

१६ जुलै, मंगळवार

छकुलीला ताप. अंग तव्यासारखं. सून सुचिता आणि मी तिला घेऊन नांदुऱ्याला गेलो. डॉक्टरीण बाईने लघवी तपासली. म्हणाली, लघवीच्या जागी जंतू झाले आहेत, पाणीच पीत नाही ही. मग मला म्हणाली, "पूर्णाकाठच्या पोरींनी तर जास्तच जपलं पाहिजे आजी. असं वारंवार झालं तर किडनीवर जातं."

तो शब्द माझ्या घरात एकदा राहून गेलेला आहे.

बसमध्ये छकुलीला विचारलं, पाणी का पीत नाहीस. खिडकीकडे तोंड करून बसली. सुचिता म्हणाली, "आत्याबाई, घरी गेल्यावर पाहू." म्हणजे हिला माहीत आहे. या घरात मलाच काही माहीत नसतं वाटतं.

१७ जुलै, बुधवार

आज कळलं. छकुलीला पेज भरवत होते. म्हणाली, "आजी, पानी पेलं की लागते. लागलं की जाऊ कुठं?"

"काऊन? मागच्या साली नाल्याकडे जात होता ना सगळ्या पोट्ट्या?"

"नाल्याचं खोलीकरण झालं. बाभळी तोडल्या. आता रस्त्यावरून सारं दिसते. पोट्टे पुलावर बसून राह्यते."

"अन् शाळेतलं? किल्ली मांगायची ना."

"त्याले कुलूप हाय. सर किल्ली देत नाही."

शाळेतल्या एकतीस पोरी सकाळी घरून पाणी न पिता निघतात. मोठ्या पोरी महिन्यातले चार दिवस येतच नाहीत. मला वाटायचं घरी काम असेल. मी रोज त्यांच्या ताटात खिचडी वाढते. ताटाशेजारचा भरलेला पेला रोज परत भांड्यात ओतते, आणि पाणी वाया घालवता म्हणून त्यांनाच ओरडते.

गजेंद्र, माझा पोरगा, सकाळीच म्हणाला, "राहू दे घरीच. आता मोठी झाली. सातवी शिकून कोनतं कलेक्टर व्हायचं हाय?" आधी असं मीच कोणाला तरी म्हटलं होतं, आठवत नाही कोणाला.

१८ जुलै, गुरुवार

संजीवनीला फोन केला, छकुलीची तब्येत सांगितली. म्हटलं, "तुलेही असंच होत होतं ना व? तुले तर शाळाच आवडत नव्हती."

ती म्हणाली, "माय, मले शाळा आवडत नव्हती, हे तुले कोनं सांगितलं?"

पुढे आवाज आला नाही. रेंज गेली असेल.

२० जुलै, शनिवार

सरांकडे किल्ली मागितली. "वरून ऑर्डर नाही," म्हणाले. वरून म्हणजे कुठून, आभाळातून? मी म्हटलं, "सर, संडास बांधायची ऑर्डर होती, हागायची नव्हती का?" अश्विनी मॅडम तोंडावर पदर धरून वर्गात पळाल्या.

सर तापले. "कोण साफ करणार ते सांगा आधी. शिपाई नाही, सफाईवाला नाही. पहिली दोन वर्षं उघडंच होतं. मी स्वतः बादली घेऊन धुतलं आहे, पहाटेच्या बसने येऊन."

हेडमास्तर आणि संडास धुणार! थाप मारावी तर निदान पटेल अशी मारावी.

२२ जुलै, सोमवार

कुलूप फोडलं. लसूण ठेचायच्या बत्त्याने. पाच घाव लागले. चांगलं कुलूप होतं, असं कुलूप आमच्या धान्याच्या कोठीलाही नाही.

आत काय निघालं ते लिहून ठेवते, पुढे कोणी नाही म्हणायला नको. दोन फाटक्या सतरंज्या. वृक्षारोपणाच्या सात पाट्या. एक तुटका माईक. आणि सगळ्यांच्या मागे गुंडाळून ठेवलेला कापडी फलक, 'आमचे गाव हागणदारीमुक्त'. तो मी बाहेर काढून पोरींना धरायला दिला. मॅडमनी फोटो काढला. सर म्हणाले, "ही सरकारी मालमत्ता आहे!" मी म्हटलं, "हाव, अन् या पोट्ट्या कोनाची मालमत्ता हाय?"

झाडलं, पुसलं. हातपंपापासून पोरींनी साखळी करून बादल्या आणल्या. खारं पाणी पिकाला चालत नाही, प्यायला चालत नाही, पण संडासात ओतायला कोणाची हरकत नाही. दुपारी पोरींची रांग लागली. एक आत, दहा बाहेर. बाहेरच्या हसत होत्या. इतक्या दिवसांत या पोरी शाळेत एवढ्या मोठ्याने हसलेल्या मी ऐकल्या नव्हत्या.

२४ जुलै, बुधवार

गुलाबराव आले. शाळा समितीचे अध्यक्ष. पांढरे कपडे, पांढरे बूट, त्यांना डाग चालत नाही. म्हणाले, "कोकिळाबाई, उघडलं ते उघडलं. आता रोज साफ कोन करीन? धम्मशीलेले सांगा. त्या लोकाईचं कामच हाय ते."

मला पटलं. खोटं कशाला लिहू. मीच गेले बौद्धपुऱ्यात सांगायला.

धम्मशीला दारात तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. "बस म्हनत नाही, कोकिळाबाई. तुम्ही बसनार नाही हे मले मालूम हाय."

मी काम सांगितलं.

"माह्या हातची खिचडी तुमच्या पोरायले चालली नाही," ती म्हणाली. "संडासाले मात्र माहा हात चालते? लय शहाना हाय तुमचा धर्म, त्याले हाताची वळख बरोबर असते."

मी म्हटलं, "मी का तुले काढलं? पोट्टे जेवत नव्हते."

"पोट्टे जेवत होते. तुमचा गजेंद्र त्याच्या पोरीले ताटावरून उठवून घेऊन गेला, मंग बाकीचे उठले. पह्यलं ताट तुमच्या घरचं उठलं. जा आता."

मी आले. रागात आले. वाटेत राग कुठे ठेवावा कळेना. त्या दिवशी गजेंद्रला शाळेत कोणी पाठवलं होतं ते मला माहीत आहे. इथे लिहीत नाही.

२५ जुलै, गुरुवार

संडास मीच धुतलं. खराट्याने. मग लाइफबॉयने कोपरापर्यंत हात धुतले, लुगडं बदललं आणि खिचडी टाकली. संपलं. यात लिहिण्यासारखं काय आहे?

२ ऑगस्ट, शुक्रवार

छकुली शाळेत जाते. पाण्याची बाटली भरून नेते, रिकामी आणते. सुचिता ती बाटली रोज उलटी करून पाहते.

मेथीला चार-चार पानं फुटली. पोरं जेवून हात धुतात ते पाणीही आता चर काढून वाफ्यातच नेलं आहे. इंद्रभान सर उभं राहून पाहत होते. त्यांची सगळी रोपं वाळली. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. बोलण्यापेक्षा ते जास्त लागतं.

५ ऑगस्ट, सोमवार

चौसष्ट पोरांपैकी बारा जेवली.

कोणीतरी गावभर सांगितलं, कोकिळाबाई संडासाच्या हाताने खिचडी करते. आया येऊन पोरांना ताटावरून उठवून घेऊन गेल्या. मी पळी धरून उभी. पातेलं भरलेलं, वाफा येत आहेत, आणि पोरं पाठ करून चालली आहेत. हे असं दिसतं होय, चुलीच्या बाजूने.

जी बारा जेवली त्यात आमची छकुली होती. बौद्धपुऱ्यातली नऊ होती. धम्मशीलेचा नातू दोनदा मागून जेवला.

मी पातेल्याशेजारी बसून सगळ्यांसमोर खाल्लं. जास्त खाल्लं. संध्याकाळी पोट दुखलं. तरी खाल्लं ते बरंच केलं.

८ ऑगस्ट, गुरुवार

नऊ जेवली. गजेंद्र म्हणाला, "माय, गावात तोंड दाखवाले जागा राह्यली नाही."

मी म्हटलं, "मंग झाकून फिर."

"छकुलीले उद्यापासून पाठवत नाही. तुले काय करायचं ते कर."

सुचिता चुलीपुढे होती. तिने वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, "छकुली जाईन." लग्न होऊन आली तेव्हापासून ही बाई माझ्यासमोर नवऱ्याशी दोन शब्दांच्या वर बोललेली नाही. आजही दोनच बोलली. पण गजेंद्र उठून बाहेर गेला.

१२ ऑगस्ट, सोमवार

समितीची मीटिंग. वऱ्हांड्यात माणसं खुर्च्यांवर, बाया सतरंजीवर. त्याच संडासातल्या सतरंज्या, मी धुऊन आणल्या होत्या. कोणाला सांगितलं नाही.

गुलाबराव म्हणाले, "एक तर खराटा सोडा, नाही तर पळी सोडा. दोनी एका हातात चालत नाई."

मी उभी राहिले. "गुलाबराव, तुमी लहान होता तवा तुमचं ढुंगन कोन धूत होतं?"

"कोकिळाबाई, मीटिंग चालू हाय!"

"मीटिंगमंदीच विचारते. तुमची माय धूत होती. मंग त्याच हातानं भाकर थापत होती. तुमी खाल्ली का फेकली? इथं बसलेल्या सगळ्या बाया ह्या दोनी हातानं दोनी कामं करते. फक्त घरात केलं तर माया, अन् शाळेत केलं तर बाट?"

बाया हसल्या. पदराआडून हसल्या, पण हसल्या.

गुलाबराव म्हणाले, "मंग उपाय सांगा. एकट्या तुमी रोज धुनार का?"

"नाही. रोज मी काऊन धुवू? ज्याच्या घरची पोरगी वापरते त्याच्या घरानं धुवायचं. पाळीपाळीनं. एकतीस पोरी, एकतीस घरं. महिन्यात एकदा."

गलका झाला. कोणीतरी मागून म्हटलं, बौद्धपुऱ्यातल्या घरांपासून सुरुवात करा, त्यांना सवय आहे. धम्मशीला सतरंजीच्या कडेला बसली होती. ती उठली.

"माही नात पाचवीत हाय. माहं घर पाळी करीन. पन यादी हजेरीच्या पटानं लावायची. जिथं नंबर येईन तिथं येईन. एक घर आंधी नाही, एक घर मांगून नाही."

मी म्हटलं, "बराबर बोलून राह्यली ते." एवढंच म्हटलं. सहा वर्षांपूर्वी म्हणायला पाहिजे होतं ते याहून मोठं होतं, पण तेव्हाचं आता कोणत्या तोंडाने म्हणू.

इंद्रभान सरांनी पट उघडला. मग पट मिटून म्हणाले, "आधी माझं नाव लिहा. सुट्टीच्या आदल्या दिवशी मी धुईन. मला येतं." खाली मान घालून म्हणाले. पहाटेच्या बसचं खरं असेल का काय? मला वाटलं विचारावं, पण मग मला माफी मागावी लागली असती. राहू दिलं.

अश्विनी मॅडमने वर सरांचं नाव टाकून खाली सातवीच्या पोरींपासून फळ्यावर यादी लिहिली. एक नंबर, आराध्या. गुलाबरावांची नात.

गुलाबराव खुर्ची सरकवून निघून गेले. यादीवर बारा घरांनी सही केली. एकोणीस राहिली.

१४ ऑगस्ट, बुधवार

उद्या झेंडा. पाळी उद्यापासून सुरू. गावात पैजा लागल्या म्हणे. गुलाबरावांच्या घरून कोणी येणार नाही यावर सगळे एका बाजूला आहेत, पैज घ्यायला समोर कोणी नाही.

मी संडासाची बादली भरून ठेवली आहे, पण धुणार नाही. एक नंबर आलं नाही तर घाण तशीच राहील, सगळं गाव पाहील. छकुलीने विचारलं, "आजी, आलेच नाही तर आमी काय करू?" मी तिला सांगितलं, झोप.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी साडेसातला सगळं गाव मैदानात. गुलाबराव झेंड्याजवळ उभे, कडक इस्त्री, बूट चकाकत होते. मी संडासाच्या भिंतीला टेकून उभी.

फाटकातून पुष्पांजली आली. गुलाबरावांची सून, आराध्याची आई. नवी साडी खोचलेली, हातात घरचा खराटा, नाकावर पदर घट्ट बांधलेला. मैदानाच्या मधून आली. कडेने येता आलं असतं, मधून आली.

गुलाबराव दोन पावलं पुढे झाले. "पुष्पा! घरी चाल."

ती थांबली. पदर नाकाखाली घेतला. "मामाजी, पोरीनं रात्री पानी पेलं नाही. म्हने, तू गेली नाही तर मी उद्यापासून पीत नाही. तुमीच पाजा मंग तिले." आणि आत गेली. आतून कडी लावली.

कडी लागलेल्या संडासावर कोणता सासरा धडका मारणार? गुलाबराव तिथेच उभे राहिले. झेंडा वर गेला. सगळे गप्प उभे होते, आणि त्या शांततेत आत खराटा फरशीवर चालत होता. खर्र, खर्र. इंद्रभान सरांना राष्ट्रगीत सुरू करायचं होतं. त्यांनी हात वर केला आणि तसाच धरून थांबले, ती पाणी ओतेपर्यंत. मग म्हटलं सगळ्यांनी.

ती बाहेर आली. घामाने भिजलेली. मी साबण पुढे केला. हात धुताना म्हणाली, "काकू, बाहेरून दिसते तेवढं अवघड नाही." मी म्हटलं, "भाकरी जळली की तवा घासाले यापेक्षा अवघड." तिथूनच तिने पोरीला हाक मारली, दोघी पंगतीत बसल्या, माझ्यासमोर. मी वाढलं. त्यांनी खाल्लं. मेथीची खिचडी होती.

आज सदतीस जेवली. सत्तावीस नाहीत. गुलाबराव न जेवता गेले. त्यांचं मी मोजत नाही, ते पटावर नाहीत.

छकुलीने दुपारी दोन पेले पाणी प्यायलं, माझ्याकडे पाहत प्यायलं, मुद्दाम. आगाऊ आहे. माझ्यावर गेली आहे असं लोक म्हणतील.

उद्या दोन नंबर. ते घर यादीवर सही न केलेल्या एकोणिसांतलं आहे. गेल्या आठवड्यापासून माझ्याशी बोलत नाही. सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभी राहणार आहे. न बोलू दे. खराटा तोंडाने मारायचा नसतो.